एस्तेरचा आवाज स्वच्छ येत होता

अहो, तुम्हाला जाऊन अजून पंधरवडा व्हायचा आहे, आणि भिंगारमध्ये तुम्ही संत होऊन बसलात. कबरस्तानातून घरी परत येईपर्यंत मंडळी तुमच्या जिभेचे सगळे वार विसरली. कोणी म्हणालं शिस्तीचे होते, कोणी म्हणालं स्पष्टवक्ते होते. सुमनबाईंना तुम्ही गायनमंडळात सगळ्यांदेखत "हा गळा आहे की पत्र्याचा डबा?" असं विचारलं होतं. सर्वांत मोठा हुंदका त्यांचाच. मी खुर्चीत बसून ऐकत होते. माणूस मेला की त्याच्या फटकळपणाला शिस्त म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मीही रडले. इतकी वर्षं ज्याच्या ताटात वाढलं तो माणूस जातो तेव्हा रडू येतंच, त्याला विचारावं लागत नाही. पण रडताना मला तुमचा रागही येत होता आणि तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही असताना माझं वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीत. आता होईल.

जाताना तुम्ही एक काम माझ्या गळ्यात टाकून गेलात. एस्तेर विचारणार होती, "पपा शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाले का?" ती विचारणार हे मला ठाऊक होतं, सगळ्या घराला ठाऊक होतं. दफनाच्या संध्याकाळीच तुमचे धाकटे भाऊ, आपले कर्जतचे सॅम्युएल भाऊजी, मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाले, "वहिनी, पोरीला सांगून टाका, शेवटच्याला तुजं नाव घेतलं हुतं म्हनून. लई काय न्हाई, येवढंच. तिचा जीव निवंल."

"पण त्यांनी घेतलं नव्हतं, भाऊजी."

"ते मला बी ठावं हाय. पन मेलेलं मानूस काय खोटं म्हनायला येतंय व्हय?"

पास्टरसाहेबांनीही तेच सुचवलं, फक्त शब्द जरा सोवळे वापरले. मुलीच्या मनाला शांती मिळेल असं काहीतरी बोला म्हणाले. म्हणजे तुमच्या एकुलत्या एक मुलीला खरं सांगायचं की खोटं, हे ठरवणं माझ्याकडे आलं. तुम्ही मात्र सुटलात.

खरं सांगायचं तर भांडण कशावरून झालं हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. जमीन नाही, जात नाही, तिचं लग्न नाही. भांडण झालं रेडिओवरून.

तुमचा कान हा आपल्या घरातला सर्वांत मानाचा पाहुणा होता. लष्कराच्या वर्कशॉपात तुम्ही सिव्हिलियन म्हणून बिनतारी संच दुरुस्त केलेत आणि रविवारी चर्चच्या गायनमंडळात माणसं दुरुस्त केलीत. संचांना बोललेलं लागत नव्हतं, माणसांना लागत होतं, हा फरक तुम्ही कधी मानला नाही. लग्न होऊन मी भिंगारला आले तेव्हा पहिल्याच सरावाला तुम्ही मला म्हणालात, "मार्था, तू फक्त ओठ हलव. आवाज बाहेर काढू नकोस." सगळं मंडळ हसलं. मीही हसले, नवी नवरी दुसरं काय करणार. तेव्हापासून चर्चमध्ये मी नुसते ओठच हलवत आले आहे. शाळेत मुलांना कविता चालीवर म्हणायला शिकवली, देवापुढे मात्र मुकी राहिले. तुमच्या दफनाच्या गीतालाही आवाज फुटला नाही. सवय.

पण त्याच कानाने एस्तेर घडवली, हे मी नाकारणार नाही. ती चार-पाच वर्षांची असताना संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन तुम्ही जुन्या रेडिओचा काटा केसाएवढा सरकवायचात. मला नुसती खरखर ऐकू यायची. तुम्ही तिच्या कानाशी लागून म्हणायचात, "खरखरीकडे लक्ष देऊ नकोस, तिच्या मागे माणूस बोलतोय, तो शोध." आणि पोरगी शोधायची! "पपा, बाई बोलतीय," असं सांगायची. पुढे तुम्ही तिला रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावलंत. 'श' आणि 'ष' वेगळे आले नाहीत तर परिच्छेद पहिल्यापासून. ती रडायची, मी मधे पडायचे, तुम्ही मला स्वयंपाकघरात पाठवायचात. ती रेडिओवर निवेदिका झाली तेव्हा केंद्रातल्या लोकांनी तिला विचारलं म्हणे, आवाजाचं शिक्षण कुठे घेतलं? तिने सांगितलं, भिंगारला, पपांच्या मांडीवर. हे तिने मला सांगितलं आणि मी तुम्हाला. तुम्ही वर्तमानपत्र वर केलंत, पण त्यामागे तुम्ही हसत होतात. कागद हलत होता.

मग त्या नाताळला ती डिजिटल रेडिओ घेऊन आली.

केकच्या आधी तिने तो टेबलावर ठेवला. छोटा काळा डबा, पुढे बोटभर पडदा. तुम्ही त्याच्याकडे असं पाहिलंत की जणू तिने घरात सवत आणली. तिने बटण दाबलं आणि तिच्याच केंद्राचं गाणं खोलीत आलं. मध्यम लहरींवर इतक्या लांबून, आणि खरखर शून्य! तबल्यावरचं बोट उचलल्याचंसुद्धा कळत होतं. मी म्हणाले, "अगंबाई!" तुम्ही म्हणालात, "यात शोधायचं काय राहिलं?"

"काहीच नाही पपा, तोच तर फायदा आहे."

"फायदा आळशी कानाचा."

तिने तुम्हाला समजावून सांगितलं होतं, आठवतं? टेबलावरच्या करंज्या मांडून. जुना रेडिओ म्हणजे एका माणसाने लांबून मारलेली हाक, ती म्हणाली. वाटेत वारा लागतो, वीज चमकते, कोणाची मोटार सुरू होते, ते सगळं हाकेत मिसळतं आणि आपल्याला हाक आणि कचरा वेगळा करता येत नाही. डिजिटलमध्ये आधी आवाजाचे आकडे करतात. मग ते एकाच माणसाकडे न देता शेकडो जणांना थोडे थोडे वाटून, सगळ्यांना एकाच वेळी शेजारशेजारच्या वाटांनी पाठवतात. शिवाय प्रत्येकाजवळ दुसऱ्याच्या सामानाची थोडी खूण देऊन ठेवतात. वाटेत काही जण हरवले तरी आलेल्यांवरून हरवलेल्यांचं सामान काढता येतं. तुमचा डबा हे सगळं जुळवतो आणि मग पुन्हा आवाज करतो. कचरा आत येतच नाही, कारण डब्याला फक्त आकडे हवे असतात. त्याच जागेत एकाऐवजी दोन-तीन कार्यक्रम बसतात, पडद्यावर कार्यक्रमाचं नाव येतं, वादळ-पावसाचा इशारा अक्षरांत येतो. आणि प्रक्षेपणाला वीजही कमी लागते.

"आणि सगळे आकडे मावतात कसे?" तुम्ही विचारलंत. तुम्ही तंत्रातले, नेमकं बोट ठेवलंत.

"जे कानाला ऐकू येतच नाही ते आधी गाळून टाकतात, पपा."

"कोणाच्या कानाला?"

ती करंज्या परत ताटात भरू लागली. मला तेव्हा हसू आलं होतं. खरंच, तो प्रश्न चांगला होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन्ही रेडिओ शेजारी ठेवून वेळेचे ठोके लावलेत. जुन्यावर ठोका पडला, मग काही क्षणांनी नव्यावर. आकडे गोळा करून, तपासून, जुळवायला डब्याला वेळ लागतो, असं तिने सांगितलं. तुम्हाला काय आनंद झाला! "प्रभूचं दुसरं येणं झालं तरी तुझा डबा मागाहूनच सांगेल." ती हसली, मी हसले, तुम्ही स्वतः हसलात. आपण तिघं एकत्र हसलो तो शेवटचा नाताळ, हे तेव्हा कोणाला माहीत होतं?

पुढे तिच्या केंद्रावर तिनेच डिजिटल रेडिओविषयी कार्यक्रम केला. श्रोत्यांचे फोन घेत, थेट. आपण दोघं ऐकायला बसलो होतो, तुम्ही जुन्या रेडिओपाशी, हट्टाने. हिवरे बाजारच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "ताई, म्हंजी आमचा जुना रेडू आता भंगारातच का?" ती म्हणाली, नाही दादा, जुन्यावर जुनं ऐकू येतच राहील, डिजिटल ऐकायला मात्र तसा संच लागेल, काही नव्या गाड्यांमध्ये तो आधीपासून बसवलेला असतो. त्याने पुढचं विचारलं, "पन माज्या पाव्हन्याच्या गाडीत हाय त्यो. लई भारी वाजतो, अन् डोंगराच्या आड गेलं की एकदम मुका. खरखर बी न्हाई. जुना कसा, रडत-खडत का हुईना, बोलायचा तरी. त्ये कसं काय?"

आणि एस्तेर म्हणाली. तिचे शब्द मला पाठ आहेत, तुम्हालाही होते. "दादा, तो आमच्या पपांसारखा आहे असं समजा. बोलतात तेव्हा एक अक्षर अस्पष्ट नाही. पण एका मर्यादेपलीकडे गेलं की एकदम गप्प. अधलंमधलं काही नाही. घरातल्यांनी कितीही कान लावला तरी खरखरसुद्धा येत नाही." शेतकरी खदखदून हसला. म्हणाला, "आमच्याकडं बी हाय असा येक."

तंत्र कोणालाही कळेल असं ते सांगितलं होतं. मी तर म्हणेन, त्या कार्यक्रमातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच. तुम्ही उठून रेडिओ बंद केलात.

तरीही ते तिथेच मिटलं असतं. पण रविवार आला. वर्षानुवर्षं तुम्ही ज्यांच्या गळ्यांच्या चुका काढल्यात त्या गायनमंडळाला आयतं कोलीत मिळालं. सुमनबाईंचे यजमान चर्चच्या दारातच म्हणाले, "काय डिजिटल, आज आवाज आहे का डोंगराआड गेलात?" सगळे हसले. माझ्यासारखी तुम्हाला हसून वेळ मारून नेता आली नाही. हसण्याच्या त्या बाजूला तुम्ही कधी उभे राहिलाच नव्हता. नाव चिकटलं. भाजीवालासुद्धा एकदा म्हणाला, "डिजिटल सायेब, कोथिंबीर घ्या."

संध्याकाळी तुम्ही तिला फोन करून सांगितलंत, "ज्या रेडिओवर बोललीस त्याच रेडिओवर माफी माग."

"पपा, ते केंद्र आहे, आपलं अंगण नाही."

"मग माझी उपमा देताना ते अंगण होतं का?"

तुम्ही त्यात बरोबर होतात, मी तुमची बायको म्हणून नाही, खरं म्हणून सांगते. घरातला माणूस असा वेशीवर टांगू नये. घरी येऊन तिने तुमची माफी मागितली, हात धरून मागितली. तुम्ही हात काढून घेतलात आणि मला म्हणालात, "तिला सांग, रेडिओवर." बस्स. त्यानंतर तुम्ही तिच्याशी एक शब्द बोलला नाहीत. तिने जे गमतीत सांगितलं होतं ते तुम्ही आयुष्य खर्चून खरं करून दाखवलंत. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तुमचा तर सुंभच पिळाचा होता.

त्यानंतरच्या नाताळांना ती यायची. तुम्हाला समोर बसून सगळं सांगायची, केंद्रातलं, नवऱ्याचं, गुडघ्याच्या दुखण्याचं. तुम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत बसायचात. ती निघाली की मला म्हणायचात, "तिला सांग, फाटक लावून जा." ती तिथेच, हातभर अंतरावर उभी असायची. मी एकदा म्हणाले, "मी तुम्हा दोघांचं मधलं केंद्र नाही, ज्याचं त्याने बोला." तुम्ही बोलला नाहीत. तिने फोनवर किती वेळा विचारलं, "पपा माझा कार्यक्रम ऐकतात का गं?" मी दर वेळी एकच म्हणाले, "त्यांनाच विचार." ती विचारायची नाही. तुमची लेक शेवटी.

तुम्ही ऐकत होतात.

एकदा मी बाजारातून लवकर परत आले तेव्हा पाहिलं. तिने दिलेला डबा तुम्ही कपाटात कोंडला होतात, तो मागच्या पडवीत तुमच्या मांडीवर होता. जुना नाही, तोच. आणि पडद्यावर तुम्ही चिकटपट्टी लावली होती, जखमेवर लावतात ती. कारण कार्यक्रम सुरू झाला की पडद्यावर तिचं नाव यायचं. आवाज हवा होता, नाव नको होतं! मी विचारलं तर म्हणालात, "उजेड डोळ्याला टोचतो." बोटभर पडद्याचा उजेड! वाळवणाच्या दिवसांत त्याच पडद्यावर पावसाचा इशारा येऊन गेला असणार, तुमच्या पट्टीखाली. माझ्या गच्चीवरच्या कुरडयांचा लगदा झाला. तुम्ही तो बघून म्हणालात, "आधी आभाळ बघावं."

मी तुम्हाला तेव्हा काही बोलले नाही, कारण तुमचा चेहरा मला दिसला होता. त्या डब्यातून तिचा आवाज इतका जवळ यायचा की वाक्याआधी घेतलेला श्वास ऐकू यायचा. तिने श्वास घेतला की तुमची मान किंचित खाली जायची. 'ष' नीट आला की बोट मांडीवर टेकायचं. तिच्या लहानपणी तिचा परिच्छेद चुकला नाही म्हणजे तुम्ही असंच बोट टेकवायचात. मला वाटलं, विरघळेल हा माणूस, आज नाही तर उद्या. वाट बघण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मग तुमचं हृदय कुरकुरायला लागलं आणि आपण नगरच्या दवाखान्यात गेलो. अहिल्यानगर म्हणायचं आता, पण रिक्षावाल्यालाही तुम्ही नगरच म्हणालात आणि भाडं ठरण्याआधीच त्याला त्याच्या हॉर्नचा सूर चुकलाय म्हणून सुनावलंत. खोली आतल्या बाजूची होती, चारी बाजूंनी सिमेंट, भिंतीला यंत्रं. तिच्या कार्यक्रमाच्या वेळेला तुम्ही खुणेने डबा मागितलात. मी आणलेला होता. लावला. काही नाही. दाराशी नेला, काही नाही. तुमच्या छातीवर ठेवला, तुम्ही तो कानाला लावून पडलात. मुका. त्या शेतकऱ्याने सांगितलं होतं तसा, खरखरसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशीही तेच.

मी घरी जाऊन जुना रेडिओ आणला. आता हे मान्य करते, त्या एका बाबतीत तुमचं खरं ठरलं. तो सुरू केला तेव्हा ट्यूबलाइटची आणि यंत्रांची अशी काही घरघर आली की शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाई म्हणाल्या, "मावशी, बंद करा व्हो, डोकं उठलं." मला त्यात काही ऐकू येत नव्हतं. तुम्ही हात वर केलात, थांब म्हणून. काटा केसाएवढा सरकवलात. डोळे मिटलेत. त्या घरघरीच्या मागे आपली मुलगी बोलत होती आणि ती फक्त तुम्हाला सापडली. चेहऱ्यावरची शीर न शीर सैल झाली. इतकी वर्षं तुमच्याबरोबर काढून तुम्हाला इतकं शांत मी पहिल्यांदाच बघत होते. मला तुमची इतकी माया आली तेव्हा, की मी तुमच्या कपाळावर हात ठेवला.

आणि म्हणाले, "फोन लावू का तिला? कार्यक्रम संपला की?"

तुम्ही डोळे उघडलेत. फोन उशाशी होता. हात लांब केला असता तर पुरला असता. तुम्ही मान हलवलीत, नाही. परत डोळे मिटलेत आणि ऐकत राहिलात. मग सिस्टर आल्या आणि रेडिओ बंद करावा लागला.

रात्री मी पाठवलेला निरोप मिळताच ती निघाली होती, पण ती येईपर्यंत तुम्ही थांबला नाहीत. सकाळी मला म्हणालात, "पंखा कमी कर." मी कमी केला. मागे वळले तर तुम्ही गेला होतात. तुमचं शेवटचं बोलणं पंख्याबद्दल आहे, अहो. सांत्वनाला आलेल्या प्रत्येकाने विचारलं आणि मी म्हणाले, शांतपणे गेले.

एस्तेर दफनाला रडली नाही. मूठमाती दिली आणि हात झटकले, एवढंच. मंडळींनी लगेच कुजबुज केली, बापासारखीच कठीण. तिच्या निघायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी चहाचे कप विसळत होतो आणि तिने नळ बंद करून विचारलं.

"मम्मी, शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाले?"

सॅम्युएल भाऊजी दारातच होते. ते खाकरले. त्यांच्या खाकरण्यात सगळी कर्जतची माया होती. मी तुमचा विचार केला. बेसूर माणसाला तुम्ही जन्मभर तोंडावर बेसूर म्हणालात, त्याच्या बायकोपुढे, त्याच्या मुलांपुढे. कोणाच्या मनाला शांती मिळावी म्हणून एकदाही गोड बोलला नाहीत. मग तुमच्यासाठीच मी का खोटं गावं?

"नाही," मी म्हणाले.

"काहीच नाही?"

"पंखा कमी कर म्हणाले. तेही मला."

ती जराशी हसली. भाऊजी कपाळाला हात लावून बाहेर गेले. मग मी तिला दुसरं खरंही सांगितलं, कारण तेही तिचंच होतं. "पण ऐकत होते. तुझा कार्यक्रम. घरी होते तोवर एक दिवस चुकवला नाही. दवाखान्यातसुद्धा त्या जुन्या रेडिओवर घरघरीतून तुला शोधलं त्यांनी."

मला वाटलं आता ती रडेल, मी तिला जवळ घेईन, आणि तुम्ही गेल्यानंतर का होईना, हे घर एकत्र येईल. तिने कप पुसून फळीवर ठेवला. तो नीट बसला की नाही ते दोनदा पाहिलं.

"म्हणजे त्यांचं काही अडलंच नाही," ती म्हणाली. "मी त्यांना रोज घरात मिळत होते. समोर बसल्यासारखी. मग ते फोन कशाला करतील?"

"एस्तेर..."

"मला वाटायचं ते ऐकत नाहीत, मम्मी. म्हणून मी स्वतःला समजावलं होतं, आपला आवाजच पोचत नाही, पोचला असता तर बोलले असते. तो पोचत होता. श्वाससुद्धा पोचत होता. डिजिटलचे फायदे मी किती वेळा सांगितले लोकांना, श्रोत्याला हे मिळतं, श्रोत्याला ते मिळतं. सगळं मिळालं की त्यांना. मला काय मिळालं?"

याला तुम्ही बोलायला हवं होतं, आणि तुम्ही तिकडे मातीखाली होतात. ती गाडीत बसली. जाताना फाटक तिने आपणहून लावलं.

खरं सांगून मी चूक केली, असं भाऊजी अजून म्हणतात. फोनवर म्हणाले, "वहिनी, तुमी बी त्याच्यासारक्याच निघालात, दगड." असेन. इतकी वर्षं दगडाशेजारी राहून माणूस लोणी कसा राहील?

दुसऱ्या दिवशी ती कामावर हजर झाली. दुपारी मी तो डबा काढला. पट्टी काढली, पट्टीचा डिंक पडद्यावर चिकटला होता, तो पदराने पुसला. पडदा उजळला, तिचं नाव आलं आणि मग तिचा आवाज. एकही शब्द अडखळला नाही. सर्दीवरच्या काढ्याबद्दल बोलली, एका बाईचा फोन घेतला, हसलीसुद्धा. फक्त अगदी सुरुवातीला, नमस्कार म्हणायच्या आधी, तिने आवंढा गिळला. जुन्या रेडिओवर तो मला ऐकू आला नसता. इतकं स्वच्छ ऐकणं मला सोसत नव्हतं, आणि मनात आलं, तुम्ही हे रोज सोसलंत. सोसलंत आणि तरीही फोनला हात लावला नाहीत. त्या क्षणी मला तुमची जितकी कीव आली तितकीच चीड आली.

कार्यक्रम संपेपर्यंत मी थांबले. मग फोन लावला. तिने उचलला, घाईत होती, मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं.

"बोल मम्मी, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "ऐकलं गं."

हाक मारणाऱ्याला ती "आले" म्हणाली. मला वाटलं आता फोन ठेवेल. मग ती रडायला लागली, दफनाला रडली नव्हती तशी, लहानपणी परिच्छेद पहिल्यापासून वाचायला लावलात की रडायची तशी. मी फोन कानाला धरून बसून राहिले. ती बराच वेळ रडली आणि मी बराच वेळ ऐकलं.

एवढंच होतं, अहो. एक शब्द. तो तुम्ही सांगितला असतात, तर तिला माझ्या तोंडून ऐकावा लागला नसता.